दिंडोरीचं स्थळ

श्रेयाचं लग्न मोडलं. कोणी मोडलं, असं लोक मला विचारतात, आणि लालबागमध्ये विचारणाऱ्यांची कमी नाही. लिफ्टमध्ये विचारतात, मसाल्याच्या दुकानात विचारतात. पाचव्या मजल्यावरची एक बाई तर सकाळी माझ्याबरोबरच दूध आणायला निघते आणि कोपऱ्यापर्यंत विचारत राहते. मुलगा वाईट होता का? नव्हता. घर वाईट होतं का? तसं घर मला अजून एक दाखवा. मग? मग काय, मी दुधाच्या पिशव्या घेते आणि घरी येते.

मी सुभद्रा. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, आता रिटायर झाले. लग्न केलं नाही. दत्ताराम माझा मोठा भाऊ, मी त्याला दादा म्हणते, आणि श्रेया त्याची एकुलती एक मुलगी. ती दहा वर्षांची असताना तिची आई ऑपरेशनच्या टेबलावर गेली, तेव्हा मी माझी पेटी उचलून दादाच्या खोलीत राहायला आले. तेव्हा तिथे चाळ होती. आता त्याच जागेवर टॉवर आहे आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर ढगांशी बोलत बसतो. श्रेयाच्या वेण्या मी घातल्या, तिचे डबे मी भरले, तिच्या मार्कांसाठी शाळेत जाऊन बाईंशी भांडले ती मीच. ती मला आत्याच म्हणते. आई म्हणायची गरज तिला वाटली नाही आणि मलाही नाही.

श्रेया फिजिओथेरपिस्ट आहे, परळच्या एका हॉस्पिटलात. तिथेच दौलतराव तिचे पेशंट म्हणून आले. दिंडोरीकडचे बागायतदार, गुडघा बदलून घेतलेला, आणि ऑपरेशननंतर पाऊल टाकायला तयार नाहीत. श्रेयाने त्यांना रागावून, चिडवून, शेवटी हात धरून कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. सोबत त्यांचा मुलगा हितेंद्र असायचा. वडील चालायला शिकले तोपर्यंत मुलाचं आणि श्रेयाचं जमलेलं होतं.

आम्हाला कळलं तेव्हा सगळं छान वाटलं. मुलगा शिकलेला, शांत, श्रेयापेक्षा वर्षभराने मोठा. नाशिकमध्ये तिला प्रॅक्टिस करता येईल, मळा शहरापासून लांब नाही. मग दादाने विचारलं की द्राक्षं कुठे विकतात, आणि श्रेयाने खाली बघून सांगितलं की विकत नाहीत. घरीच वाईन करतात. खत-औषध न मारता पिकवलेल्या द्राक्षांची वाईन, लायसन्स वगैरे सगळं आहे, आईवडील आणि मुलगा मिळून चालवतात.

दादा उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

याचं कारण समजायला आमचे बाबा माहीत हवेत. गिरणीतून काढल्यावर ते घरी कमी आणि गुत्त्यावर जास्त असायचे, आणि त्यांना तिथून उचलून आणायचं काम दादाचं. जिन्यात दोघांचा आवाज आला की आई आधी बादली भरून ठेवायची. त्या वासाचा दादाला इतका तिटकारा बसला की गिरगावच्या छापखान्यात बाइंडिंगचं काम करताना स्पिरिटची बाटली उघडली तरी तो बाहेर जायचा. दारूला त्याने कधी हात लावला नाही आणि लावणाऱ्याच्या पंगतीला कधी बसला नाही. आता मुलगी द्यायची तर अशा घरात, जिथे ती बनते.

श्रेयाने हट्ट केला नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा घर बघून या. मग नाही म्हणालात तर मी बोलणार नाही."

तेव्हा आम्ही फेब्रुवारीत घर बघायला गेलो. भाड्याची गाडी केली. दादा पुढे ड्रायव्हरजवळ बसला. श्रेया माझ्या शेजारी. तिने मुद्दाम साधा ड्रेस घातला होता आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मी तिचा हात धरून ठेवला तर दुसऱ्या हाताने सुरू केलं.

मळ्याच्या फाटकावर दौलतराव काठी घेऊन उभे होते. गाडीतून उतरते ना उतरते तोच श्रेया म्हणाली, "काठी कोणत्या हातात धरायची सांगितलं होतं?" आणि त्यांनी निमूटपणे काठी दुसऱ्या हातात घेतली. दादाने ते पाहिलं. हसला नाही, पण पाहिलं.

मला वाटलं होतं, द्राक्षं म्हणजे भायखळ्याच्या बाजारात ढिगाने असतात तशी लांबट, हिरवी असतील. ही तर जेमतेम करवंदाएवढी, काळी, सालीची जाड आणि बियांनी भरलेली. एक तोंडात टाकलं तर गुळासारखं गोड. दोन ओळींच्या मध्ये गुडघाभर गवत माजलेलं. मी म्हटलं, "आमच्याकडे एवढं गवत वाढू दिलं तर सोसायटीची नोटीस येते." दौलतराव म्हणाले, "आमच्याकडे पण पाहुणे हेच म्हणत्यात, ताई. पण औषध मारून ते जाळलं तर खालची गांडुळं जातील. गांडुळं गेली की मग आमचं काय राहिलं?" पहिली तीन वर्षं काही पिकलं नाही तेव्हा भावकी हसली होती, असं त्यांनी सांगितलं. मग पीक यायला लागलं आणि एका वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर गारा पडल्या. चहा पिऊन होईस्तोवर सगळी बाग जमिनीवर.

"मग तुम्ही काय केलंत?" दादाने विचारलं. दिवसभरातला त्याचा तो पहिला प्रश्न.

"मी काय करणार? हिनं पुरणपोळ्या केल्या," दौलतराव म्हणाले. "म्हणली, रडायचंच आहे तर पोटभर खाऊन रडू."

ही म्हणजे मीराबाई. डोक्यावरून पदर, हातात हिरव्या बांगड्या, आणि वाईन चाखवायचं खातं त्यांच्याकडे. घरामागच्या शेडमध्ये लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, रंग नीट दिसावा म्हणून, असं त्यांनी सांगितलं. टेबलावर पाय असलेले पातळ काचेचे ग्लास आणि एक स्टीलची बादली. तोंडात घोळवायचं, चव घ्यायची आणि नको असेल तर बादलीत थुंकायचं, अशी रीत. मी म्हटलं, "मीराबाई, पाहुणी म्हणून येऊन थुंकायचं मला जमणार नाही. मी गिळीन." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "गिळा ना, आत्याबाई. मी पण गिळते."

दादा शेडमध्ये आला नाही. बाहेर चिंचेखाली खाटेवर चहा घेऊन बसला. मला भीती वाटली की दौलतराव आता आग्रह करणार आणि गाडी फिरणार. त्यांनी आग्रह केला नाही. म्हणाले, "बसा, भाऊ. आमचा थोरला भाऊ पण थेंब घेत नाही. मळ्यात मात्र त्याच्याशिवाय पान हालत नाही." आणि स्वतःही शेडमध्ये न येता दादाशेजारी बसून राहिले.

आत मीराबाईंनी आधी पांढरी ओतली. "आधी नाक घाला," म्हणाल्या, "मग तोंड." मी नाक घातलं. कैरी सोलताना हाताला येतो तसा वास. तोंडात थंड, जरा आंबट, आणि मग जिभेवर कुठेतरी मध. मी आयुष्यात पहिल्यांदा घेत होते, चौसष्टाव्या वर्षी, आणि मला आवडली. हे दादाला कळू नये म्हणून मी चेहरा गंभीर ठेवला. मग गुलाबी आली, ती मला सरबतासारखी वाटली. मग तांबडी. त्या तांबड्या घोटाने मला मे महिन्यातल्या आमच्या गावच्या सड्यावर, उघड्या कातळावर नेऊन उभं केलं, करवंदाच्या जाळीत हात घालून, काटे लागलेले, जीभ जांभळी. मी मीराबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इथं येणारे सायेब लोक काय काय इंग्रजी फळांची नावं सांगत्यात, मला कळतच नाही. करवंद कळलं."

श्रेयाच्या ग्लासातली तशीच होती. हितेंद्र तिच्या बाजूला उभा होता, पण दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. दोघं खिडकीतून खाटेकडे बघत होती. तिथे दोन म्हातारे चहा संपल्यावरही रिकामे कप हातात धरून बसले होते.

मग दादा उठला. स्वतःहून. शेडच्या दारात चपला काढल्या, आत आला आणि म्हणाला, "बघू."

मीराबाईंनी तांबडीचे दोन घोट ओतले. दादाने ग्लास देवळातलं तीर्थ घ्यावं तसा उजव्या हाताखाली डावा हात धरून घेतला. नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. मला फक्त बाबा दिसत होते, जिन्याच्या कठड्याला धरून उभे, आणि त्यांच्या काखेत खांदा घातलेला हाफपँटमधला दादा.

"सुभा," तो म्हणाला, आणि त्याला गावची भाषा आली, जी तो बाहेरच्या माणसांसमोर कधी बोलत नाही. "ह्येका तो वास नाय गो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, म्हणाला, "आंबट आहे," आणि सगळे एकदम हसायला लागले, गरजेपेक्षा खूप जास्त. हसणं थांबल्यावर दादाने ग्लास टेबलावर ठेवला आणि दौलतरावांसमोर हात जोडले. "मुलगी तुमची," तो म्हणाला.

श्रेया तिथेच खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. एवढी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती आणि आता पाहीन असं वाटत नाही.

परत येताना दादा मागे माझ्याजवळ बसला. भजन गुणगुणत होता. इगतपुरी मागे पडल्यावर म्हणाला, "सोमवारी धोंडूला फोन करतो."

धोंडू आमच्या गावचा गुरव. आमच्याकडे देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत राहायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. मुंबईला येऊन तीन पिढ्या झाल्या तरी आमच्यातली निम्मी माणसं नवीन घर, ऑपरेशन, सोयरीक काहीही असलं की गावी फोन लावतात. दादा त्यातला पक्का. वहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी घाई केली आणि विचारायचं राहिलं. वहिनी परत आली नाही. त्यानंतर त्याने न विचारता काही केलं नाही. टॉवरचा करार विचारून, श्रेयाचं कॉलेज विचारून. फ्रिज बदलतानासुद्धा त्याने विचारलं होतं, आणि दोन दारांच्या फ्रिजला देवाने होकार दिला म्हणून मी त्याला वर्षभर चिडवलं.

पण या वेळी मला ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "दादा, तू शब्द देऊन बसलास. आता देवाला विचारायचं नसतं, आता आमंत्रण द्यायचं असतं. पत्रिका छापली की पहिली त्याच्या पायाशी पाठव, नारळ दे, झालं."

"आमंत्रण तर देणारच. पण आधी विचारून घेऊ," तो म्हणाला. "उजवीच देणार बघ तो. मला इतकं बरं वाटलंय ना सुभा, त्याच्या तोंडून पण ऐकू दे."

त्याच्या मनात शंका असती तर मी भांडले असते. त्याच्या मनात शंका नव्हती. देवालाही या आनंदात घ्यावं एवढंच त्याला हवं होतं.

सोमवारी सकाळी दादाने धुतलेला सदरा घातला. दादरहून पेढे आणून ठेवले होते. श्रेयाची ड्युटी दुपारची होती, म्हणून तीही होती. धोंडूच्या पुतण्याने देवळात व्हिडिओ कॉल लावला आणि मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. समई, काळा पाषाण, दोन्ही खांद्यांवर एकेक पांढरी पाकळी, आणि बाजूला हात जोडलेला धोंडू.

"बा देवा म्हाराजा," धोंडूने सुरू केलं, "तुझ्या दत्तारामाच्या चेडवाची सोयरीक नाशकाक जुळता हा. माणसां बरी आसत. ही सोयरीक तुका पसंत आसात तर उजवी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघांनी म्हटलं. श्रेयानेसुद्धा, हसत.

मध्येच चित्र थिजलं. आमच्या गावात नेटवर्क म्हणजे नशीब. परत आलं तेव्हा दोन्ही पाकळ्या जागेवर होत्या. दादा पेढ्याच्या खोक्याची दोरी सोडायला लागला होता. आणि डावी पाकळी हलली. टपकन पडली नाही. सावकाश घसरत खाली आली, देवाच्या छातीवर क्षणभर थांबली आणि पायाशी पडली.

पुतण्याने फोन बंद केला की बंद पडला, माहीत नाही. दादाने खोक्याची दोरी परत बांधली. गाठ बसत नव्हती, तरी बांधत राहिला.

श्रेया भडकली. देवळात पंखा होता, वारा होता, पाकळीला पाणी कमी लागलं, धोंडूकाकांना चाळिशी लागलीय. दादा ऐकत राहिला. संध्याकाळी त्याने स्वतः दौलतरावांना फोन करून सगळं खरं सांगितलं आणि माफी मागितली. "मी रजिस्टर लग्न करीन," श्रेया म्हणाली. दादा म्हणाला, "कर. मी अडवत नाय. पण मी येऊ शकणार नाय. त्याने सांगितल्यावर मी कसा येऊ?"

पुढचे दिवस मी त्याला सोडलं नाही. जेवताना बोलले, आंघोळीला जाताना बोलले, तो देवासमोर बसला असताना बोलले. तो एकच म्हणायचा, "तिच्या आईच्या वेळी विचारलं नव्हतं." शेवटी एकदा मी म्हटलं, "विचारलं असतंस आणि डावी पडली असती, तर तिला ऑपरेशनशिवाय मरू दिलं असतंस का?" त्याने ताटात हात धुतला आणि उठला. पण उत्तर नाही म्हणून भीती जात नाही.

श्रेया मात्र ठाम होती. मार्चच्या शेवटी रजिस्ट्रारकडे नोटीस द्यायची म्हणाली, सही करायला मी जायचं ठरलं. मी साडीसुद्धा काढून ठेवली. आणि मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी आम्ही जेवत असताना हितेंद्रचा फोन आला. दिंडोरीकडे गारा पडल्या होत्या. तोडणी बरीच उरकली होती, पण राहिलेली बाग गेली, आणि वेलींच्या साली सोलून निघाल्या. श्रेया ताटावरून उठली, आत जाऊन बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा भात निवला होता. ती जेवली नाही.

त्या दिवसापासून तिने भांडणं सोडलं. मला वाटलं, काळजीत आहे. नोटीस द्यायचा दिवस आला आणि गेला. मी विचारलं तर म्हणाली, "बघू, आत्या." तिच्या तोंडून "बघू" हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

पाडव्यानंतरच्या रविवारी दौलतराव आले. एकटेच. पहाटे निघून, ट्रेन बदलून, दादरहून टॅक्सी करून. दादाने त्यांना दारातून हात धरून आत आणलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. मी सोलकढी केली, मासे केले. दोघं शेजारी बसून जेवले. दौलतरावांना बांगड्याचे काटे काढता येईनात तर दादाने काढून दिले. हे दोन म्हातारे व्याही व्हायला किती शोभले असते, हे मला ते बघताना सहन होईना, आणि मी उगाच पापड भाजायला उठले.

जेवण झाल्यावर दौलतराव म्हणाले, "भाऊ, मी भांडायला आलो नाही. आमच्याकडं पण देव आहे. गारांचं म्हणाल तर दर दोन-तीन वर्षांनी पडत्यात, सून असो नसो. माझी एकच विनंती. देवाला परत एकदा विचारा."

मला वाटलं दादा नाही म्हणणार. देवाला दोनदा विचारत नाहीत, आमच्याकडे तो अपमान समजतात. दादा उठून देव्हाऱ्यापाशी गेला. पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतल्यासारखा ओला होता.

"विचारणार नाय," तो म्हणाला. "आता विचारायचं नाय. लग्न लावूया. मी येणार, कन्यादान मी करणार. काय वाईट व्हायचं असेल ते माझ्या माथी. मी देवाला तसं सांगून आलो."

पापडाचा चिमटा अजून माझ्या हातातच होता. वीस वर्षं जो माणूस फ्रिजसुद्धा विचारून घेत होता, तो मुलीसाठी देवाच्या विरुद्ध उभा राहिला होता. दौलतरावांनी त्याचे दोन्ही हात धरले. मी श्रेयाकडे बघितलं.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "नको, बाबा," ती म्हणाली.

"मी मनापासून सांगतोय," दादा म्हणाला. "तुझ्यासाठी जबरदस्तीने नाय."

"कळलं मला. पण नको." ती येऊन दौलतरावांसमोर जमिनीवर बसली. "काका, गारा पडल्याचा हितेंद्रचा फोन आला ना, तेव्हा मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटायला हवी होती. तुमची वाटायला हवी होती. मला पहिल्यांदा ती पाकळी दिसली. त्याच्याशी बोलत होते तेवढा वेळ डोळ्यांसमोर तीच."

"अगं, मनाचे खेळ असत्यात," दौलतराव म्हणाले.

"असतील. मी शिकलेली आहे, मला कळतं. मी बाबांना सांगितलं वारा होता. वारा नव्हता, काका. मी समईकडे बघत होते, ज्योत जराही हलली नाही." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "उद्या मी तिथे आले आणि पुन्हा गारा पडल्या, किंवा मीराकाकूंना काही झालं, तर तुम्ही कोणी मला बोलणार नाही. मला माहितीय. मीच मला बोलेन. रोज आभाळाकडे बघेन. हितेंद्रने असल्या बाईबरोबर का राहायचं?"

"मग मी परत विचारतो," दादा म्हणाला. घाईघाईने, लहान मुलासारखा. "आजच रात्रीच्या गाडीने गावी जातो. स्वतः देवळात उभा राहतो. उजवी घेऊनच येतो."

श्रेयाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. "आता उजवी पडली, बाबा, तरी मला ती खरी वाटणार नाही."

दौलतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. ती त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेली. वर आली ती सरळ ड्युटीचे कपडे घालून निघाली. रविवार होता, तिची सुट्टी होती. त्या संध्याकाळीच तिने हितेंद्रला सांगितलं. तो तीनदा मुंबईला येऊन गेला, हॉस्पिटलच्या खाली उभा राहिला. ती तिन्ही वेळा खाली गेली, त्याच्याबरोबर चहा प्यायली आणि एकटी वर आली.

त्या रविवारी श्रेया गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. मी ताटं घासली. दादा पंख्याखाली बसला होता, दौलतराव बसले होते त्याच खुर्चीत.

"सुभा," त्याने हाक मारली. "मी विचारूक नको होतां ना?"

हे मी त्याला आधीच सांगितलं होतं, गाडीत, इगतपुरीजवळ. जन्मभर मी बरोबर असले की त्याला ऐकवत आले, चारचौघांत ऐकवत आले. तो वर बघत होता, मी ऐकवावं याची वाट बघत.

"असं काय बोलतोस," मी म्हटलं. "मुलीचं लग्न आणि देवाला विचारायचं नाही? मी असते तरी विचारलंच असतं."

त्याने मान डोलावली. मी खोटं बोलले हे त्याला कळलं आणि त्याने ते ठेवून घेतलं.